कुमाचा नकाशा

बेला ग्रेदा, २० जुलै २००९

प्रिय व्लास्ता,

परवा फोनवर तू म्हणालास, ओरडू नकोस, मी बहिरा झालो नाही. मी ओरडत नव्हतो. ऑस्ट्रिया लांब आहे आणि मिनिटाला पैसे पडतात, त्यामुळे माणूस आपोआप मोठ्यानं बोलतो. म्हणून आता पत्र. कागदावर कसाही बोललो तरी देसांका स्वयंपाकघरातून "हळू!" म्हणत नाही.

तू पाठवलेलं बेअरिंग पोचलं, बसलं, फिरलं. तुझ्या त्या ऑस्ट्रियातल्या वेल्सच्या यार्डात जुन्या मशीन सोलून तू जे काय काढतोस त्यातला निम्मा माल तरी माझ्या बीट काढणीच्या मशीनमध्ये बसला असेल. मशीनही तूच निवडून दिली होतीस म्हणा. चार वर्षं झाली, तिनं मला दगा दिला नाही. दगा देतोय तो दिनार. मला हप्ता भरायचा युरोत आणि शेतकरी मला देणार दिनार. गेल्या वर्षी याच दिवसांत ऐंशी दिनारला एक युरो यायचा, आता त्र्याण्णव लागतात. मशीन तीच, हप्ता तोच, आणि मी मात्र दर महिन्याला थोडा थोडा जास्त कर्जात. डिझेल आज रोखीनं भरायचं, ट्रकवाल्यांना दर शनिवारी द्यायचं, आणि साखर कारखाना शेतकऱ्याला देणार वसंतात, मग शेतकरी मला.

पंधरा डिसेंबरला चौदा हजार युरो भरायचे आहेत. ते भरायला कमीत कमी अडीचशे हेक्टर काढावं लागेल. माझ्याकडे तीनशे दहाचा शब्द आहे. शब्दच, कागद नाही. फायनान्स कंपनीतली पोरगी विचारत होती, शेतकऱ्यांचे करार दाखवा. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे फाटकात उभं राहून हात मिळवतात, एक घोट राकिया घेतात, झाला करार. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी बैलगाडीतून आलोय असं तिला वाटलं असावं. पण तूच सांग, पेरा कालिनिचकडे मी सही मागितली तर तो मला पुन्हा अंगणात उभा करील का?

आमच्या नेवेनाचं लग्न ठरलं आहे. मुलगा बरा आहे, दंतवैद्याकडे काम करतो, म्हणजे आमच्या दातांची सोय झाली. जानेवारीत आहे. चोवीस वर्षांपूर्वी तिला हातावर घेऊन तू चर्चमध्ये उभा होतास आणि तिनं तुझ्या नव्या शर्टावर प्रसाद दिला होता. बाप्तिस्म्याला पोरीला हातावर घेणारा कुम तोच लग्नात साक्षीला तिच्या मागे उभा राहणारा, हे तुला सांगायला नको. कोट शिवून ठेव.

तुझा स्रेतेन


वेल्स, ८ ऑगस्ट २००९

प्रिय कुम,

पत्र वाचून स्लाविका म्हणाली, हा माणूस कागदावरसुद्धा ओरडतो. नेवेनाची बातमी ऐकून आम्ही दोघं रडलो आणि मग बाटली उघडली. बँडचं माझ्याकडे. सोंबोरमधला तो ट्रम्पेटवाला म्हातारा अजून वाजवतो का बघ.

आता कामाचं. तू दर वर्षी गावभर उलटसुलट फिरतोस. सकाळी कालव्याकडे, दुपारी वाळूकडे, ज्यानं आधी हाक मारली त्याच्याकडे. इथले काढणीवाले असं करत नाहीत. ते हंगामाआधी बसून नकाशा आखतात. कुठलं शेत कधी, ट्रक कुठे उभे करायचे, कुठे पाऊस पडला की मशीन रुतते. डिझेल पंधरा टक्के वाचतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. यार्डात हिवाळ्याआधी काम कमी असतं, मी तुला आखून देतो. फक्त मला सगळं नीट लिहून पाठव. कुणाचं शेत कुठे, किती हेक्टर, काय दर, कोण घाईचा, कोण रुसलेला. अगदी कुठे दगड आहे तेही. मला गाव सोडून सोळा वर्षं झाली, माझ्या डोक्यातलं गाव जुनं आहे.

गुडघे दुखतात. थंड सिमेंटवर पाठीवर पडून मशीनखाली काम करायचं वय राहिलं नाही. पण जाऊ दे.

तुझा व्लास्ता


बेला ग्रेदा, २३ ऑगस्ट २००९

प्रिय व्लास्ता,

घे तुझं गाव. दोन रविवार बसून लिहिलंय. देसांका म्हणते, मी तिला प्रेमपत्रंसुद्धा इतकी लांब लिहिली नव्हती. खरं आहे, तेव्हा मला हेक्टर नव्हते.

वेगळ्या कागदावर चौतीस नावं आहेत, शेतांचे आकार काढलेत, हसू नकोस. कालव्याकडचा पट्टा माझा सगळ्यात चांगला, एकशे वीस हेक्टर, बीट जाड, पण पाऊस लागला की गुडघाभर चिखल आणि कारखाना माती धरून वजन कापतो. त्या पट्ट्यात पेरा कालिनिच रुसलेला आहे. गेल्या साली त्याचा ढीग ट्रकची वाट बघत बांधावर अकरा दिवस पडला आणि खालून सडला. चूक माझी नव्हती, कारखान्यानं गाड्यांची पाळी दोनदा बदलली, पण ढीग त्याचा होता. त्याला या वर्षी आधी घ्यायला हवं. बोश्को रादाकोव आणि ते दोघे भाऊ पेराच्या मागे चालतात. पेरा गेला तर तेही जातील.

दर सोळा हजार दिनार हेक्टरी. घासाघीस झालीच तर साडेचौदापर्यंत उतरेन. त्याच्या खाली डिझेलसुद्धा निघत नाही. हे तुलाच सांगतोय.

आणखी एक गोष्ट, ही मी देसांकालाही सांगितलेली नाही. विधवा एतेल्काबाईंच्या शेतात, रस्त्याकडच्या तुतीपासून तिसऱ्या फेरीत, चाळीसेक पावलांवर, गाडलेल्या विहिरीचं सिमेंटचं कडं आहे. वरून काही दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी माझे तीन फाळ त्यावर गेले. माझा गडी लायोश तेव्हा कारखान्यावर ट्रॉली रिकामी करायला गेला होता, त्यालाही कळलं नाही. मी फाळ बदलले आणि गप्प बसलो. बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी गाय विकून पैसे दिले असते, असल्या आहेत त्या. आता मी तिथे मशीन उचलतो, दहा पावलं पुढे जातो, पुन्हा टेकवतो. एवढ्या जागेतले बीट, लायोश घरी गेला की, मीच फावड्यानं काढतो. बाई खिडकीतून बघतात आणि म्हणतात, स्रेतेन किती व्यवस्थित.

नकाशा लवकर पाठव. पंधरा सप्टेंबरला सुरुवात.

स्रेतेन


वेल्स, ९ सप्टेंबर २००९

प्रिय कुम,

नकाशा सोबत आहे. लाल रेघ तुझा रस्ता. वाळूकडच्या पट्ट्यापासून सुरू कर, तिथली शेतं एकमेकांना लागून आहेत, तीन आठवडे मशीन रस्त्यावर आणावीच लागणार नाही. कालव्याकडचे शेवटी घे. थांबू देत, बीट जमिनीत वाढतच असतं. पेराची काळजी करू नकोस, तो रुसतो आणि विसरतो.

घाईत आहे. स्लाविकाचे नमस्कार.

व्लास्ता


बेला ग्रेदा, ४ ऑक्टोबर २००९

व्लास्ता,

घात झाला.

तुझ्या लाल रेघेवर मी वाळूत होतो. अठरा दिवस सगळं छान चाललं होतं, डिझेलही खरंच कमी लागलं, मी मनात तुला दुवा देत होतो. शुक्रवारी दुपारी पुलाकडे ट्रक वळवायला गेलो तर पेराच्या शेतात एक मशीन. नवी नव्हे, पण माझ्या मशीनपेक्षा सात वर्षांनी तरुण, टाकी दुप्पट. सोंबोरमधल्या कुठल्याशा कंपनीचं नाव दारावर, चालवणारा स्रेमकडचा पोरगेला माणूस, कुणाच्या ओळखीचा नाही. दर विचारलास तर चौदा हजार दोनशे. माझ्या शेवटच्या पायरीच्या बरोबर तीनशे खाली.

पेरा बांधावर होता. मी म्हटलं, आपण हात मिळवला होता. तो म्हणाला, "मिळवला होता. पण गेल्या वर्षीही मिळवला होता, स्रेतेन, आणि माझा ढीग सडला. हे लोक आले आणि म्हणाले, तुमचं सगळ्यात आधी." मग त्यानं टोपी नीट केली आणि बिटाकडे बघत राहिला. बोश्को आणि ते भाऊ त्याच्या मागोमाग गेलेच. दोन दिवसांत अख्खा कालव्याचा पट्टा हातचा गेला. एकशे वीस हेक्टर.

कुणीतरी आतून सांगितलंय. त्यांना दर माहीत, पेराचा राग माहीत, कोण कुणाच्या मागे जातो तेही माहीत. माझ्या स्वयंपाकघरात बसून हे सगळं ऐकणारा एकच माणूस आहे. बारा वर्षं लायोशनं माझे बीट भरले, वाहिले, माझ्या टेबलावर जेवला. काल मी सगळ्या ट्रकवाल्यांसमोर त्याला विचारलं, किती घेतलेस? त्यानं माझ्याकडे दोनदा बघितलं. मग म्हणाला, "सांगायचंच असतं तर बारा वर्षांत सांगण्यासारखं पुष्कळ होतं." ट्रॅक्टरची किल्ली खिळ्याला अडकवली आणि सायकलवर बसून गेला. एकही ट्रकवाला माझ्याकडे बघत नव्हता.

मला अन्न जात नाही. पैशांचं आहेच, पण लायोशनं असं करावं याचं जास्त लागलं.

स्रेतेन


वेल्स, १५ ऑक्टोबर २००९

प्रिय कुम,

पत्र वाचून बेचैन झालो. लायोशचं बरोबर केलंस, असा माणूस घरात नको. पोटासाठी माणूस काय काय करतो, कुणाचा भरवसा धरायचा.

आता डोकं शांत ठेवून विचार कर. डिसेंबरचा हप्ता निघणार नाही हे तुलाही दिसतंय. कंपनीनं मशीन ओढून नेली तर घरावरचा बोजा उरेलच. त्यापेक्षा आत्ताच विकून टाक. माझ्या ओळखीचा एक घेणारा आहे. फार देणार नाही, पण राहिलेलं कर्ज अंगावर घेईल आणि घर मोकळं होईल. नाव आत्ता विचारू नकोस, तो घाईतला माणूस नाही. बेला ग्रेदात दोन मशीन जगणार नाहीत. मोठी जगेल.

व्लास्ता


बेला ग्रेदा, २९ ऑक्टोबर २००९

व्लास्तिमीर,

मंगळवारी मी एतेल्काबाईंच्या रस्त्यानं जात होतो. त्याही गेल्या होत्या नव्या मशीनकडे. रागावलो नाही, हेक्टरी अठराशे दिनार म्हणजे त्यांचा महिनाभराचा किराणा आहे. मशीन तुतीकडून आत शिरत होती. मी ट्रक थांबवला. खोटं कशाला बोलू, मला बघायचं होतं की फाळ मोडतात. मी तिथे उभा राहून एका परक्या माणसाचं नुकसान होण्याची वाट बघत होतो, इथपर्यंत मी आलो होतो.

पहिली फेरी गेली. दुसरी गेली. तिसऱ्या फेरीत चाळीसेक पावलांवर मशीन हळू झाली, तोंड उचललं, दहा पावलं तशीच पुढे गेली आणि पुन्हा टेकली.

मी खाली उतरून त्या पोराकडे गेलो. तो शेताच्या कडेला पाव आणि डुकराची चरबी खात बसला होता, मला कांदा दिला. मी विचारलं, तिथे का उचललीस? म्हणाला, "विहिरीचं कडं आहे खाली. मालकानं सांगून ठेवलंय." मी म्हटलं, मालक कोण? "तुम्हाला माहीत नाही? तुमच्याच गावचा आहे की. ऑस्ट्रियात असतो. त्याला इथली सगळी शेतं पाठ आहेत."

ते कडं देवाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तुला मी लिहिलं होतं.

घरी येऊन तुझी पत्रं पुन्हा वाचली. कुठे दगड आहे तेही लिही. कालव्याकडचे शेवटी घे. लायोशचं बरोबर केलंस. हे शेवटचं लिहिताना तुझा हात कसा चालला ते मला खरंच कळत नाही. आधीचं मी समजू शकतो, लोभ सगळ्यांना असतो. पण तो माणूस निर्दोष आहे हे जगात फक्त तुला माहीत होतं, आणि तू मला शाबासकी दिलीस.

सरळ लायोशच्या घरी गेलो. बायको फाटकात आली, फाटक उघडलं नाही. तो स्लोव्हाकियात गेलाय, गाड्यांच्या सीट बनवायच्या कारखान्यात. ती म्हणाली, बारा वर्षांत एकदाही त्यानं तुमच्याबद्दल वाईट बोललेलं मी ऐकलं नाही, परवा बोलला. काय बोलला ते मी विचारलं नाही.

तो तुझा घाईत नसलेला घेणारा कोण, तेही आता विचारत नाही.

देसांकाला अजून सांगितलेलं नाही. ती तुझ्यासाठी हिवाळ्याचे लोकरी मोजे विणते आहे, गुडघ्यांपर्यंतचे.

स्रेतेन


वेल्स, ११ नोव्हेंबर २००९

स्रेतेन,

मी काही लपवत नाही. मशीन माझी आहे. सोळा वर्षं थंड सिमेंटवर पडून जमवलेला पैसा आहे त्यात. स्लाविकाला परत यायचंय, मलाही यायचंय. परत येऊन मी काय करायचं? मला मशीन सोडून काय येतं? आणि गावात बिटाशिवाय काय आहे?

तू बुडणारच होतास. हे वाईट वाटून लिहितोय, पण खरं आहे. दिनार असा पडत गेला तर तू दोन वर्षं टिकला नसतास, आणि मग नोवी सादमधला कुणीतरी येऊन सगळं गाव घेऊन गेला असता. मी घेतलं तर निदान आपल्यात राहिलं. मला वाटलं होतं, तू मशीन विकशील, घर वाचेल, आणि तुला कधी कळणारही नाही. लायोशच्या बाबतीत मी चुकलो. तेव्हा तू आपणहून दुसरीकडे बोट दाखवलंस आणि मला गप्प बसणं सोपं गेलं.

पुढच्या हंगामात माझी मशीन तू चालव. महिना सहाशे युरो, डिसेंबरचाही धरून. तुझ्याइतकी ती शेतं कुणाला माहीत नाहीत. धंदा वेगळा आणि कुमपण वेगळं, आपण दोन्ही सांभाळू शकतो.

लग्नाचं मात्र मला वाटतं, मी न आलेलं बरं. लोक बघतील, नेवेनाला त्रास होईल. माझ्याऐवजी धाकट्या भावाला पाठवतो. चर्चला चालतं, मी विचारलं. बँडचे पैसे दिलेले आहेत, भेटही मोठी पाठवतो.

व्लास्ता


बेला ग्रेदा, २२ डिसेंबर २००९

व्लास्तिमीर,

सोळा तारखेला मशीन गेली. मोठ्या ट्रेलरवर चढवून नेली. चढवताना तो माणूस गियर चुकीचा टाकत होता, म्हणून मीच वर बसून चढवली. तुझ्या त्या घेणाऱ्याला मी ती दिली नाही. कंपनी लिलाव करील तेव्हा त्यानं तिथे सगळ्यांसारखं उभं राहून बोली लावावी. राहिलेल्या कर्जात बापाची चार हेक्टर विकली. घर राहिलं. मी आता गव्हाचा ट्रक चालवतो, दुसऱ्याचा. तुझे सहाशे युरो नकोत. मी तुझी मशीन चालवायला बसलो तर पहिल्याच दिवशी एतेल्काबाईंच्या शेतात तिसऱ्या फेरीत तोंड उचलायचं विसरेन.

देसांकाला सांगितलं. तिनं मोजे उसवून लोकर पुन्हा गुंडाळून ठेवली.

लायोशला स्लोव्हाकियात पत्र लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं, पाचव्या वेळी फक्त एवढं लिहिलं की मी चुकलो आणि सगळ्यांसमोर चुकलो, तेव्हा माफीही सगळ्यांसमोर मागेन, तू लग्नाला ये. उत्तर आलं नाही. पण त्याच्या बायकोनं देसांकाला विचारलं, लग्न किती वाजता आहे.

आता तू भावाला पाठवतोस त्याचं. नेवेना रडून म्हणाली, बाबा, मला तो माणूस (म्हणजे तू) मागे उभा नको, दुसरा कोणीही चालेल. मी पाद्रीबाबांकडे गेलो. त्यांनी सांगितलं, कुम बदलता येतो, पण जुन्या कुमानं स्वतः सोडलं तर. तू तर सोडायला तयारच आहेस, मोठी भेट पाठवून. तेवढ्यासाठीच मी ठरवलं की नाही. तुला सोडायचं नाही. पोरीला मी समजावलं, दोन दिवस लागले. आमच्या घरातून कुम निघून गेला असं मी कुणाला म्हणू देणार नाही. मी चौतीस घरांत जाऊन हात मिळवले होते, त्यांतल्या निम्म्यांनी सोडले. मी मात्र एकही हात आजवर सोडलेला नाही, तुझाही नाही.

चोवीस जानेवारी, रविवार, अकरा वाजता चर्च. मेणबत्ती धरून तू नेवेनाच्या मागे उभा राहशील. नंतर सांस्कृतिक केंद्राच्या हॉलमध्ये जेवण. कुम मधल्या टेबलावर, माझ्या उजव्या हाताला. पेरा येणार आहे, बोश्को येणार आहे, एतेल्काबाई येणार आहेत. मी त्या सगळ्यांना काय झालं ते सांगितलंय, तुझी पत्रंही ज्याला हवी त्याला वाचायला दिली. पेरानं वाचून झाल्यावर पत्राची घडी घातली आणि मला विचारलं, पुढच्या वर्षी कुठून तरी मशीन भाड्यानं आणशील का. मी म्हटलं, बघू. पण तुझं भय नको. कुणी तुला एक शब्द बोलणार नाही, मी तसं वचन घेतलंय.

आणि तुला माहीतच आहे, कुमानं उभं राहून पहिला ग्लास उचलून चार शब्द बोलल्याशिवाय हॉलमध्ये कुणी चमचा उचलत नाही. दोनशे चाळीस माणसं आहेत. सूप गार झालं तरी चालेल, सगळे थांबतील. बँडही थांबेल, तुझ्याच पैशांचा आहे. तू काय बोलतोस ते आम्हाला ऐकायचंय.

स्रेतेन